रेषांचं नातं ओळखायचं कसं? भूमितीकडे पुन्हा वळणाऱ्यांसाठी

१७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसणारे, शाळा सुटून वर्षं उलटलेले, किंवा रात्री जेवणं आटोपल्यावर लेकराशेजारी गणिताचं पुस्तक उघडून बसणारे आईबाबा, हा लेख तुमच्यासाठी आहे. मी संसार सांभाळून याच वाटेनं दहावी केली आणि आता नागपुरात आमच्या वस्तीतल्या बायकांना संध्याकाळी गणित शिकवते. बीजगणितात मोठी माणसं फारशी अडत नाहीत, कारण रोजच्या हिशेबाची सवय असते. अडतात ती भूमितीत, आणि त्यातही समांतर, छेदिका, संगत, व्युत्क्रम या नावांपाशी. नुसती नावं पाठ केली तर आठवड्याभरात त्यांची सरमिसळ होते.

म्हणून नावांआधी हे पक्कं करा. दोन रेषा समोर आल्या की तीन प्रश्न विचारायचे, आणि याच क्रमानं विचारायचे. दोघी एकाच प्रतलात, म्हणजे चहूकडे अमर्याद पसरलेल्या एकाच सपाट पृष्ठभागात, आहेत का? असल्या तर भेटतात का? भेटत असतील तर किती अंशांच्या कोनात? प्रत्येक उत्तरामागे कारण लागतं. "आकृतीत तसं दिसतंय" हे भूमितीत कारण होत नाही. पुढचं सगळं या तीन प्रश्नांचंच आहे.

काय काय जवळ हवं

- कंपासपेटी. तिच्यात दोन गुण्या, म्हणजे काटकोन असलेल्या त्रिकोणी पट्ट्या, असल्याच पाहिजेत: एक ४५ अंशांचा, दुसरा ३०-६० अंशांचा.
- टोकदार पेन्सिल. जाड टोकानं काढलेल्या दोन रेषा कुठे भेटतात तेच कळत नाही.
- कोरी वही. आखीव वहीतल्या छापील ओळी डोळ्याला फसवतात आणि तिरपी रेषाही सरळ भासते.
- आलेख कागद.
- पुस्तकं: आठवीचं गणित, नववीचं गणित भाग २, दहावीचं गणित भाग १ आणि भाग २. थेट दहावीचं उघडू नका. समांतर रेषांचा पाया आठवी-नववीत आहे आणि दहावीचं पुस्तक तो तुम्हाला येतो असं धरून चालतं. बालभारतीच्या संकेतस्थळावर पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात. कागदावरच वाचायचं असेल तर नागपुरात सीताबर्डीवर जुनी पुस्तकं पाहा. फक्त चालू अभ्यासक्रमाचीच आवृत्ती आहे ना, ते मुखपृष्ठ उलटून तपासून घ्या.

गुण्या विकत घेतल्याबरोबर त्याची परीक्षा घ्या. कागदावर एक आडवी रेषा काढा, तिच्यावर गुण्या टेकवून उभी रेषा ओढा. आता गुण्या पालथा करून त्याच बिंदूपाशी पुन्हा उभी रेषा ओढा. दोन्ही उभ्या रेषा एकमेकींवर पडल्या तर गुण्या बरोबर. मध्ये फट दिसली तर काटकोन चुकलेला आहे, आणि दिसणारी फट ही खऱ्या चुकीच्या दुप्पट असते. दुकानातच तपासलं तर बदलूनही मिळतो.

१. आधी रेषा आणि रेषाखंड वेगळे करा

वहीत आपण काढतो तो रेषाखंड. त्याला दोन टोकं असतात. किरणाला एकच टोक असतं. रेषेला टोकच नसतं, ती दोन्ही बाजूंना अमर्याद जाते, म्हणून पुस्तकात तिच्या दोन्ही टोकांना बाण दाखवतात.

हा भेद सोडला की पहिला खड्डा इथेच लागतो. कागदावरचे दोन रेषाखंड एकमेकांना शिवत नाहीत म्हणून ते समांतर होत नाहीत. पट्टी लावून दोघांना वाढवा. वाढवल्यावर रेषा कुठे भेटत असतील तर ते रेषाखंड समांतर नाहीत, मग भेटीचं ठिकाण वहीच्या पार बाहेर का असेना. रेषाखंडांचं नातं हे त्यांना सामावणाऱ्या रेषांवरून ठरतं.

२. पहिला प्रश्न: एकाच प्रतलात आहेत का?

शाळेत हा प्रश्न जवळजवळ विचारलाच जात नाही, कारण फळा सपाट असतो आणि वहीही सपाट असते. पण तो सोडला तर "न भेटणाऱ्या रेषा म्हणजे समांतर रेषा" अशी अर्धी व्याख्या डोक्यात बसते. पूर्ण व्याख्या अशी: एकाच प्रतलात असून एकमेकींना न छेदणाऱ्या रेषा म्हणजे समांतर रेषा. पहिले शब्द गाळायचे नाहीत.

नागपूरकरांना हे समजून घ्यायला कामठी रोडवरचं गड्डीगोदाम पुरेसं आहे. तिथे एकावर एक चार मजले आहेत. सगळ्यात खाली रस्ता, त्यावरून रेल्वे, तिच्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यात वर मेट्रो. त्या जागेपुरते हे चारही मार्ग सरळ आहेत असं धरा आणि जोड्या लावत जा. खालचा रस्ता, उड्डाणपूल आणि मेट्रो एकाच दिशेनं जातात. त्यांची कोणतीही जोडी घेतली तर ती समांतर. आता रेल्वे आणि मेट्रो घ्या. रेल्वे आडवी जाते. दोघी कितीही वाढवल्या तरी भेटत नाहीत, कारण उंची वेगळी आहे. पण त्या समांतरही नाहीत, कारण दिशा वेगळी आहे. त्या दोघींना एकत्र सामावेल असं एकही प्रतल सापडत नाही. अशा रेषांना नैकप्रतलीय रेषा म्हणतात.

इथे एक शंका हमखास येते. वर्धा रोडच्या ३.१४ किलोमीटर लांबीच्या डबलडेकर पुलावर खाली गाड्या धावतात आणि वर मेट्रो. या पुलाची २०२२ मध्ये गिनीज बुकात नोंद झाली. "दोन्ही मार्गांची उंची वेगळी, मग प्रतल एक कसं?" असं वर्गात दरवेळी कुणीतरी विचारतंच. प्रतल आडवंच असतं हा आपला समज इथे आड येतो. प्रतल उभंही असतं, तिरपंही असतं. खालच्या आणि वरच्या मार्गांच्या मध्यरेषांतून एक उभं प्रतल जातं, भिंतीसारखं. दोन्ही त्याच प्रतलात आहेत आणि भेटत नाहीत, म्हणून समांतर. कोणत्याही दोन समांतर रेषांमधून प्रतल जातंच.

सीताबर्डी इंटरचेंजला खापरीकडून ऑटोमोटिव्ह चौकाकडे जाणारी ऑरेंज लाइन आणि लोकमान्यनगरहून प्रजापतीनगरला जाणारी ॲक्वा लाइन एकमेकींना ओलांडतात. नकाशावर तिथे फुली दिसते. प्रत्यक्षात एक खालून जाते, दुसरी वरून. नकाशा हे प्रतल आहे, त्यानं उंची पुसून टाकलेली असते. म्हणून आकृतीत छेदलेल्या दिसणाऱ्या रेषा खरोखर छेदतात की नाही, हे प्रश्नातलं वाक्य वाचूनच ठरवा. घनाकृतीच्या आकृत्यांत तर फारच जपून.

सरावासाठी घरातली वीट किंवा काडेपेटी घ्या. तिला १२ कडा असतात. एका कडेवर बोट ठेवा आणि उरलेल्या ११ कडांचं तिच्याशी नातं ठरवा. ३ समांतर निघतील, ४ तिला येऊन भेटतील आणि ४ नैकप्रतलीय असतील. हे एकदा हातानं करून पाहिलं की तो धडा पुन्हा वाचावा लागत नाही.

३. दुसरा प्रश्न: भेटतात का?

प्रतल एक असलं की तीनच शक्यता उरतात. रेषा एका बिंदूत छेदतात, किंवा समांतर असतात, किंवा दोन नावांची ती एकच रेषा असते, म्हणजे एकीवर एक पडलेली. चौथं काही नाही. दोन वेगळ्या रेषा दोन बिंदूंत का भेटू शकत नाहीत? कारण दोन वेगळ्या बिंदूंतून एकच रेषा जाते. दोन बिंदू सामाईक निघाले की त्या मुळात एकच रेषा ठरतात.

तीन रेषा घेतल्या की गंमत वाढते. एकाच प्रतलातल्या तीन वेगवेगळ्या रेषांचे छेदनबिंदू ०, १, २ किंवा ३ असू शकतात. एकच बिंदू असेल आणि तिन्ही त्यातूनच जात असतील तर त्या एकसंपाती रेषा. दोन बिंदू केव्हा मिळतात ते स्वतः काढून पाहा. उत्तर सापडलं म्हणजे पाचवा टप्पा अर्धा झाला समजा.

४. तिसरा प्रश्न: किती कोनात?

दोन रेषा छेदल्या की चार कोन होतात, पण मोजायचा एकच. समजा एक ६५° आहे. त्याच्या समोरचा, म्हणजे विरुद्ध कोन, तोही ६५°. शेजारचा त्याच्याशी रेषीय जोडी करतो, म्हणजे दोघं मिळून सरळ रेषेवरचा १८०° चा कोन होतो, म्हणून १८० − ६५ = ११५°, आणि त्याच्या समोरचाही ११५°. रेषांमधला कोन सांगताना लहान कोन सांगायची पद्धत आहे. तो ९०° असेल तर रेषा परस्परांना लंब.

नागपूर स्थानकाजवळचं रेल्वेचं डायमंड क्रॉसिंग या टप्प्यात आवर्जून डोळ्यांसमोर आणा. हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई या दिशांचे रूळ तिथे एकाच पातळीवर एकमेकांना कापतात. गड्डीगोदामसारखे मजले नाहीत, म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर "हो". एका मार्गाचे दोन रूळ समांतर, दुसऱ्या मार्गाचे दोन रूळ समांतर. त्यांच्या छेदानं मधोमध चौकोन तयार होतो. समोरासमोरच्या बाजू समांतर आहेत म्हणून तो समांतरभुज चौकोन. पण दोन्ही मार्ग ब्रॉडगेज आहेत, दोन्हीकडे रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटरच. समांतरभुज चौकोनाचं क्षेत्रफळ कोणतीही बाजू पाया धरून काढलं तरी तेच येतं. इथे दोन्ही उंची सारख्या, म्हणून दोन्ही पायेही सारखे असलेच पाहिजेत. म्हणजे चारही बाजू समान, तो समभुज चौकोन झाला. इंग्रजीत ज्या आकाराला डायमंड म्हणतात तो तिथे का दिसतो, याची ही सिद्धता आहे. मला भूमिती आवडायला लागली ती अशा गोष्टींमुळे.

लंब रेषांबाबत एक सापळा. "एकाच रेषेला लंब असलेल्या दोन रेषा परस्परांना समांतर असतात" हे वाक्य फक्त एका प्रतलात खरं आहे. खोलीच्या कोपऱ्यात पाहा. कोपऱ्यातली उभी कड आणि जमिनीलगतच्या दोन कडा. जमिनीवरच्या दोन्ही कडा उभ्या कडेला लंब आहेत, पण त्या एकमेकींना समांतर नाहीत, उलट काटकोनात भेटतात.

५. छेदिका आणि आठ कोन

दोन रेषांना दोन वेगळ्या बिंदूंत छेदणारी तिसरी रेषा म्हणजे छेदिका. वरच्या छेदनबिंदूपाशी चार कोन, खालच्यापाशी चार. घोटाळा होतो तो या आठांच्या जोड्यांत. चित्र घोकण्याऐवजी दोन गोष्टी तपासा: दोन कोन छेदिकेच्या एकाच बाजूला आहेत की विरुद्ध? आणि ते दोन रेषांच्या आत आहेत की बाहेर?

- संगत कोन: छेदिकेच्या एकाच बाजूला, एक आत आणि एक बाहेर. अशा ४ जोड्या.
- आंतरव्युत्क्रम कोन: विरुद्ध बाजूंना, दोन्ही आत. २ जोड्या.
- बाह्यव्युत्क्रम कोन: विरुद्ध बाजूंना, दोन्ही बाहेर. २ जोड्या.
- आंतरकोन: एकाच बाजूला, दोन्ही आत. २ जोड्या.

जोडीतला एक कोन वरच्या छेदनबिंदूपाशी आणि दुसरा खालच्यापाशी हवा, हे विसरू नका. एकाच बिंदूपाशी असलेल्या दोन कोनांना ही नावं लागत नाहीत.

आणि हे अधोरेखित करून ठेवा: ही नावं रेषा समांतर नसल्या तरी लागतात. संगत कोन म्हणजे समान कोन नव्हे. संगत हे जागेचं नाव आहे. ते समान असतात केव्हा? रेषा समांतर असतील तेव्हाच.

६. गुणधर्म की कसोटी? इथे थांबून वाचा

राजेहो, या लेखातला एकच टप्पा वाचायचा असेल तर हा वाचा. समांतर रेषांच्या उदाहरणांत जे गुण हातचे जातात ते बहुतेक इथे.

गुणधर्म म्हणजे: रेषा समांतर आहेत हे दिलेलं असतं आणि आपण कोनांबद्दल काही सांगतो. समांतर, म्हणून संगत कोन समान. समांतर, म्हणून व्युत्क्रम कोन समान. समांतर, म्हणून आंतरकोनांची बेरीज १८०°.

कसोटी म्हणजे उलटी वाट. कोन दिलेले असतात आणि त्यांवरून रेषा समांतर आहेत असं आपण सिद्ध करतो. संगत कोनांची एक जोडी समान, म्हणून रेषा समांतर. आंतरकोनांची बेरीज १८०°, म्हणून रेषा समांतर.

दोन्हींत शब्द तेच असल्यामुळे गोंधळ होतो. जे सिद्ध करायचंय तेच गृहीत धरून लोक सिद्धता लिहितात. उपाय सोपा आहे. पानावर पहिली ओळ "पक्ष" (जे दिलंय ते) आणि दुसरी "साध्य" (जे सिद्ध करायचंय ते) लिहा. "समांतर" हा शब्द पक्षात असेल तर गुणधर्म वापरायचा, साध्यात असेल तर कसोटी. साध्यातला शब्द सिद्धतेच्या शेवटच्या ओळीआधी कारण म्हणून येता कामा नये.

उदाहरण पाहा. (पुस्तकात एक्स, वाय ही इंग्रजी अक्षरं असतील. मी क्ष आणि य लिहिते आहे.) दोन समांतर रेषांच्या छेदिकेनं झालेले संगत कोन (३क्ष + १०)° आणि (५क्ष − ३०)° आहेत. रेषा समांतर आहेत हे पक्षात आहे, म्हणून गुणधर्म: ३क्ष + १० = ५क्ष − ३०. यावरून क्ष = २० आणि दोन्ही कोन ७०°. आता तेच कोन आंतरकोन असते तर? अनेकजण सवयीनं पुन्हा बरोबरचं चिन्ह घालतात. आंतरकोन समान नसतात, त्यांची बेरीज १८०° असते: ८क्ष − २० = १८०, म्हणून क्ष = २५, आणि कोन ८५° व ९५°. कोनांची जोडी कोणती, हे समीकरण मांडायच्या आधी शब्दांत लिहा.

आता जरा कठीण, पण परीक्षेत आणि एरवीही फार उपयोगी. वर रेषा प, खाली रेषा फ, दोन्ही समांतर. प वर बिंदू अ, फ वर बिंदू क, आणि दोन रेषांच्या मध्ये, अ आणि क यांच्या डावीकडे, बिंदू ब. अब आणि बक जोडा. अ पाशी अब हा रेषेच्या डाव्या भागाशी ४०° चा कोन करतो, क पाशी कब हा डाव्या भागाशी ३५° चा. तर कोन अबक किती?

छेदिका तर इथे दिसतच नाही, प आणि फ दोघींना छेदणारी सरळ रेषा काढलेलीच नाही. मग ती आपण तयार करायची. ब मधून प ला समांतर रेषा काढा. इथे "रचना" हा शब्द लिहून ती नोंदवा. प ला समांतर असलेली ही रेषा फ लाही समांतर आहे, कारण एकाच रेषेला समांतर असलेल्या रेषा परस्परांना समांतर असतात. नव्या रेषेनं ब पाशीचा कोन दोन तुकड्यांत कापला. वरचा तुकडा ४०°, कारण तो अ पाशीच्या कोनाचा आंतरव्युत्क्रम आहे. खालचा तसाच ३५°. म्हणून कोन अबक = ७५°.

आकृती अपुरी वाटली की तिच्यात समांतर रेषा घालायची, ही युक्ती इथून शिकून घ्या. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८०° असते हेही असंच सिद्ध होतं, शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढून.

७. कागदावर आणि प्लॉटवर काढून पाहा

दिलेल्या रेषेला बाहेरच्या बिंदूतून समांतर रेषा गुण्यानं अशी काढा:

- गुण्याची एक कड रेषेवर तंतोतंत बसवा.
- गुण्याच्या दुसऱ्या कडेला पट्टी टेकवा आणि पट्टी डाव्या हातानं घट्ट दाबून धरा.
- पट्टीला चिकटवूनच गुण्या सरकवत बिंदूपर्यंत न्या.
- कडेनं रेषा ओढा.

पट्टी हलली की सगळं गेलं, म्हणून दाब पट्टीवर हवा, गुण्यावर नको. हे का जमतं ते लक्षात घ्या: पट्टी ही छेदिका, गुण्याचा कोन आधीही तोच आणि सरकवल्यावरही तोच, म्हणजे संगत कोन समान. संगत कोनांची कसोटी इथे हातात धरून वापरली.

प्लॉटवर गुण्या पुरत नाही. बेसा-हुडकेश्वरकडच्या एखाद्या लेआउटमध्ये घराची आखणी सुरू असेल तर जरा वेळ उभं राहून बघा. मिस्त्री कोपऱ्यावर खुंटी ठोकतो, एका बाजूच्या सुतावर ३ फुटांवर खूण करतो, दुसऱ्या बाजूवर ४ फुटांवर, आणि दोन खुणांमध्ये टेप ताणतो. ५ फूट भरले तर "गुण्यात आहे" म्हणतो, नाहीतर दुसरी खुंटी हलवतो. मग सुतावरून चुन्याची फक्की पडते. ३, ४, ५ ही पायथागोरसच्या प्रमेयाची संख्या-त्रिकुटी, आणि दोरीनं काटकोन साधायची ही विद्या आपल्याकडे शुल्बसूत्रांइतकी, म्हणजे यज्ञवेदी आखायचे नियम सांगणाऱ्या प्राचीन ग्रंथांइतकी, जुनी आहे.

घर बांधणाऱ्यांनी मात्र एक काळजी घ्यावी. ३-४-५ लहान माप आहे. ४ फुटांवर अर्धा इंच चुकला तर ४० फुटांच्या भिंतीच्या टोकाशी तो ५ इंच होतो. मिस्त्रीला ६-८-१० किंवा १२-१६-२० घ्यायला सांगा. शेवटी चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. समोरासमोरच्या बाजू समान आणि कर्णही समान असले तर आयत पक्का. नुसते कर्ण समान असून भागत नाही, समद्विभुज समलंब चौकोनाचेही कर्ण समान असतात.

८. समीकरणांवरून नातं

दहावीत रेषा आकृतीतून समीकरणात जाते. प्रश्न तेच राहतात. दोन्ही समीकरणं आधी एकाच रूपात आणा: क्ष चं पद, मग य चं पद, बरोबर, मग स्थिरपद, म्हणजे नुसती संख्या. मग तीन गुणोत्तरं पाहा.

२क्ष + ३य = ६ आणि ४क्ष + ६य = १८ घ्या. क्ष च्या सहगुणकांचं, म्हणजे क्ष च्या आधीच्या संख्यांचं, गुणोत्तर १/२, य च्या सहगुणकांचं १/२, स्थिरपदांचं १/३. पहिली दोन समान, तिसरं वेगळं, म्हणून समांतर. १८ च्या जागी १२ असते तर तिन्ही समान, म्हणजे एकच रेषा. आणि पहिली दोनच वेगळी निघाली तर रेषा एका बिंदूत छेदतात, तिसरं पाहायची गरज नाही.

चढ म्हणजे रेषेवरच्या दोन बिंदूंच्या य मधल्या फरकाला क्ष मधल्या फरकानं भागून येणारी संख्या. चढ वापरला तर समांतर रेषांचे चढ समान आणि लंब रेषांच्या चढांचा गुणाकार −१. बिंदू (१, २) आणि (३, ६) यांतून जाणाऱ्या रेषेचा चढ ४/२ = २. बिंदू (०, १) आणि (४, −१) यांतून जाणाऱ्या रेषेचा −२/४ = −१/२. गुणाकार −१, म्हणून लंब. वजाबाकी करताना वर आणि खाली बिंदूंचा क्रम एकच ठेवा.

क्ष = ३ सारख्या उभ्या रेषेला चढच नसतो, तिथे शून्यानं भागावं लागेल. म्हणून क्ष = ३ आणि य = ५ परस्परांना लंब असूनही गुणाकाराचा नियम त्यांना लावता येत नाही. एक य-अक्षाला समांतर, दुसरी क्ष-अक्षाला, एवढं कारण लिहा.

आलेखावर डोळ्यानं निकाल देऊ नका. य = १.१क्ष आणि य = क्ष + ५ या रेषा वहीतल्या आलेखावर जवळपास समांतर दिसतात. पण चढ वेगळे आहेत, आणि त्या (५०, ५५) या बिंदूत भेटतात.

९. थोडं पुस्तकाबाहेर

रेषेबाहेरच्या बिंदूतून तिला एकच समांतर रेषा जाते, हे आपण सहज मान्य करतो. इसवी सनपूर्व ३०० च्या सुमारास युक्लिडनं हे आपल्या पाचव्या गृहीतकात थोड्या वेगळ्या शब्दांत मांडलं: दोन रेषांना छेदणाऱ्या रेषेच्या एका बाजूच्या आंतरकोनांची बेरीज दोन काटकोनांपेक्षा कमी असेल, तर त्या रेषा वाढवल्यावर त्याच बाजूला भेटतात. आज आपण शिकतो ते सोपं रूप जॉन प्लेफेअरनं १७९५ मध्ये रूढ केलं. हे इतर गृहीतकांवरून सिद्ध करायला गणितींनी शतकानुशतकं जीव टाकला. शेवटी लोबाचेव्हस्की (१८२९) आणि बोयाई (१८३२) यांनी दाखवलं की ते न मानताही सुसंगत भूमिती उभी राहते.

गोलावर तर फरक डोळ्यांनी दिसतो. पृथ्वीगोलावर ७९° आणि ८०° पूर्व रेखावृत्तं पाहा, नागपूर यांच्या मध्येच आहे. विषुववृत्ताशी दोन्ही ९०° करतात. आंतरकोनांची बेरीज १८०°, कसोटीप्रमाणे समांतर व्हायला हव्यात. पण ध्रुवावर त्या भेटतात. कसोटी चुकलेली नाही, ती सपाट प्रतलासाठी आहे. पहिला प्रश्न प्रतलाचा का, ते इथे कळतं.

आपल्या नागपुरातल्या शून्य मैलाच्या दगडाचं नातं ज्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाशी, म्हणजे त्रिकोण आखत केलेल्या भारताच्या मोजणीशी, आहे, त्याला ही अडचण रोजची होती. त्याची सुरुवात १८०२ मध्ये मद्रासजवळ विल्यम लँबटननं केली. १८२३ मध्ये नागपूरकडे येताना तो हिंगणघाटला वारला. जमिनीवरच्या मोठ्या त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८०° पेक्षा किंचित जास्त येते, साधारण २०० चौरस किलोमीटरच्या त्रिकोणाला एक सेकंद, म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. एवढासा फरकही हिशेबात धरावा लागे. परीक्षेत मात्र प्रतल सपाटच असतं, १८०° बिनधास्त लिहा.

१०. सराव

गणित भाग २ चा पेपर ४० गुणांचा आणि दोन तासांचा असतो, म्हणून आकृती चटकन काढायचा हात बसवा. सिद्धतेच्या प्रत्येक ओळीपुढे कंसात कारण लिहायची सवय आजपासून लावा. खालची पाच उदाहरणं उत्तरं झाकून सोडवा.

- समांतर रेषांचे आंतरकोन (४क्ष − २०)° आणि (२क्ष + ५०)° आहेत. दोन्ही कोन काढा.
- ३क्ष − य = ७ आणि ६क्ष − २य = ५ या रेषांचं नातं सांगा.
- (−२, १), (२, ३) यांतून जाणारी रेषा आणि (१, ५), (३, १) यांतून जाणारी रेषा यांचं नातं सांगा.
- सहाव्या टप्प्यातल्या आकृतीत अ पाशी ५०° आणि कोन अबक ११०° असेल तर क पाशी किती?
- एका प्रतलातल्या चार रेषांचे जास्तीत जास्त किती छेदनबिंदू होतील?

उत्तरं: ८०° आणि १००°; समांतर; चढ १/२ आणि −२, म्हणून लंब; ६०°; ६. पाचव्याचं उत्तर ४ आलं असेल तर प्रत्येक रेषा उरलेल्या तिघींना कुठे छेदते ते वाढवून पाहा, दोन छेदनबिंदू बहुधा कागदाबाहेर राहिलेत.